नीराबाईला एकोणचाळीस मार्क

नीराबाईने उभ्या आयुष्यात पहिल्या बोलीला मासा दिला नाही. रेवसच्या खाडीलगतच्या त्या कोळीवाड्यात लिलाव पुकारणाऱ्या बाया बऱ्याच होऊन गेल्या, पण नीराबाई पाटीपाशी उभी राहिली की अलिबागचे व्यापारी आधी घाम पुसून घेत. गिऱ्हाइकाने आकडा उच्चारला की ती त्याच्याकडे अशी बघायची, जणू त्याने तिच्या माहेराला नावं ठेवली. मग स्वतःचा आकडा सांगायची, आणि तिथून पुढे जी घासाघीस चालायची ती ऐकायला रिकामटेकडी माणसं बंदरावर मुद्दाम रेंगाळत. एक मात्र होतं. शिळा मासा ताजा म्हणून तिने कधी कुणाच्या गळ्यात मारला नाही. कल्ला काळा पडला असेल तर तो स्वतःच उघडून दाखवायची. "ह्यो बिघरलाय. न्हेतंस तर ने, पन मागून वरडू नको."

अशी ही बाई शहात्तराव्या वर्षी स्वतःच्या सुनेचं नाव विसरली.

सून म्हणजे किशोरी. आपण ते मनाला लावून घेतलं नाही, असं ती शेजारणींना सांगायची. ते साफ खोटं होतं. चोवीस वर्षांपूर्वी ती दिवेआगरच्या बाजूने या घरात आली, तेव्हा नीराबाईने पहिल्याच आठवड्यात तिला वलांडीपुढे उभं केलं होतं. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांना बांधलेल्या दोऱ्या. त्यांवर बोंबील वाळत घालतात, तेही एकएकटे नव्हे, जोडीने. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. किशोरीचा हात चुकला की नीराबाई तिच्या बोटांवर चापट मारी आणि संध्याकाळी त्याच बोटांना खोबरेल चोळत बसे. सासू म्हणून ती गोड कधीच नव्हती. पण किशोरीच्या बाजूने तिच्याइतकं कचाकचा भांडलेलं दुसरं माणूस या घरात नव्हतं, अगदी नवरासुद्धा.

नवरा मितेश. तो नीराबाईचा थोरला. बोट घेऊन गेला की पाच-सहा दिवस परतायचा नाही. धाकटी हेमाली माझगावला, विमा कंपनीत नोकरीला. आणि नीराबाईचा नवरा शिवदास, तो जाऊन अकरा वर्षं झाली होती. पण ते फक्त इतरांसाठी. नीराबाईच्या हिशेबी तो दर्यावर गेलेला होता आणि यायला थोडा उशीर लागत होता, इतकंच.

त्या उशिरापायीच कार्तिकात तो प्रकार घडला. सकाळची ओहोटी होती. किशोरी खळ्यात, मासळी वाळवायच्या मोकळ्या जागेत, जवळा पसरत होती. तिने पाठ वळवली तेवढ्यात नीराबाई चालत खाडीत उतरली, मचवा लागलाय का बघायला. मांडीपर्यंत चिखलात रुतली आणि तिथूनच शिवदासला हाका मारत राहिली. चार माणसांनी फळ्या टाकून तिला ओढून काढलं. बाहेर आल्यावर तिने त्या चौघांना, कपडे मळवले म्हणून, झाडलं.

हेमाली दुसऱ्याच दिवशी भाऊच्या धक्क्यावरून पहिली लाँच पकडून हजर. ती रडली आणि आईच्या पायाला तेल लावलं. संध्याकाळी निघताना किशोरीला बाजूला घेऊन म्हणाली, "वहिनी, असं नाही चालणार. पनवेलजवळ एक संस्था आहे, मी बघून आलेय. चोवीस तास नर्स आहे. दादाशी मी बोलते."

किशोरीने तेलाची वाटी उचलली आणि आत नेऊन ठेवली. खरं सांगायचं तर तिच्या मनात उडी मारून हो म्हणावं असंच आलं होतं. दीड वर्ष ती अखंड झोपली नव्हती. न्हाऊ घालायचं, भरवायचं, दाराला आतून कडी आहे ना बघायचं, आणि त्यात वाळीचा, म्हणजे सुक्या मासळीचा धंदा. खळ्यात जायचं तर सासूला बरोबर न्यायचं, कारण घरी ठेवायचं कुणाच्या भरवशावर? आपल्याला ही बाई नकोशी झालीय का, हा प्रश्न तिने स्वतःला विचारलाही नव्हता. उत्तराची भीती वाटत होती.

अलिबागला महिन्यातून एकदा विसराळू म्हाताऱ्यांचं शिबिर भरायचं. तिथल्या डॉक्टरांनी हेमालीचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, हलवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण त्याआधी आजींचं आयुष्य आत्ता कसं चाललंय ते मोजून घेऊ. आता आयुष्य कसं मोजतात म्हणे? किशोरीला वाटलं, रक्त काढतील, डोक्याचा फोटो काढतील. आली ती क्रांती नावाची तिशीतली मुलगी, स्कूटीवरून, खांद्याला झोळी आणि झोळीत दोन कागद.

दोन्ही कागदांवर तेच तेरा प्रश्न होते. तब्येत कशी आहे, अंगात जोर किती, मन कसं असतं, राहतं घर, स्मरणशक्ती, घरची माणसं, नवरा-बायकोचं नातं, मैत्रिणी, कामं करता येतात का, मजा वाटते का, आणि असंच करत शेवटी एकंदर आयुष्य. प्रत्येकाला चारांतलं एक उत्तर: वाईट, ठीक, चांगलं, उत्तम. वाईटला एक मार्क, उत्तमला चार. एक कागद आजींना विचारून क्रांती भरणार, दुसरा सांभाळणाऱ्या माणसाने स्वतः भरायचा. एकमेकींचं बघायचं नाही.

किशोरीने आपला कागद ओट्यावर बसून दहा मिनिटांत भरला. मैत्रिणी? कुणाचं नाव आठवत नाही, मैत्रिणी कसल्या. वाईट. नवरा? तो तर गेला. वाईट. कामं? परवा आमटीत साखर घातली. वाईट. मजा? कसली मजा. वाईट. एकंदर आयुष्याला तिने जरा विचार केला आणि वाईटवरच खूण केली. खोटं लिहायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

पडवीत नीराबाई पाय पसरून बसली होती. पुढ्यात बोंबलांची टोपली, आणि हात आपोआप जोड्या लावत होते. क्रांतीने मोठ्या अक्षरांचं कार्ड समोर धरलं, चारही शब्द वाचून दाखवले, मार्कही सांगितले. इथेच तिचं चुकलं. आकडे ऐकले आणि नीराबाईचे डोळे एकदम जागे झाले.

"आजी, घर कसं आहे तुमचं? चांगलं म्हणू? तीन?"

"तीन?" नीराबाईने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "कनच्या गावची गो तू? तीनला यवरं घर येतं? चार घे."

क्रांतीने चार लिहिले. पुढचा प्रश्न घरच्या माणसांचा. या खेपेला ती शहाणी झाली, सरळ वरूनच सुरुवात केली. "घरची माणसं उत्तम ना? चार?"

"पाच."

"पाच नाही आजी. चारच्या वर काही नाही."

"मंग र्‍हाऊ दे. दुसऱ्या गिऱ्हाइकाला दीन."

ओट्यावर किशोरीला हसू आवरेना. महिन्याभरात ती पहिल्यांदा हसली होती. क्रांती मात्र पंचाईतीत पडली. समोरची बाई आयुष्याचा लिलाव पुकारत असेल तर कागदावर लिहायचं काय? शेवटी तिने आकडे बोलायचं बंद केलं, कार्डावरच्या शब्दांवर नुसतं बोट ठेवायला लागली. तरी नीराबाईची घासाघीस थांबली नाही. मन कसं असतं, तर "बरं हाय, पन तू वरचं लिव." मैत्रिणी? "वेनू हाय ना. मेली भांडकुदल हाय. लिव चार."

"आणि शिवदासकाका? त्यांच्याशी कसं आहे?"

"दर्याव गेलाय. आला का ईचार त्याला." आणि लाजली. शहात्तराव्या वर्षी, हातात बोंबील, ती चक्क लाजली. "चार लिव गो."

क्रांतीने चार लिहिले. शिवदास हयात नाही हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग स्मरणशक्तीचा प्रश्न आला. किशोरी कान टवकारून बसली, कारण इथे आता पाच नाही तर सहा ऐकायला मिळणार. नीराबाईने हातातली जोडी टोपलीत ठेवली.

"ते बिघरलंय," ती म्हणाली. "त्याचा भाव नको करू. येक लिव."

क्रांतीने एक लिहिला.

"मना समजतंय," नीराबाई म्हणाली. "सगलं सुटत चाललंय हातातनं." आणि पुन्हा जबड्यात जबडा अडकवायला लागली.

किशोरी सासूला आय म्हणायची. आयला कळत नाही, कळत नाही ते बरंच आहे, असं ती दीड वर्ष स्वतःला समजावत आली होती. आणि आय तर कल्ला उघडून दाखवत होती, नेहमीसारखी. म्हणजे उरलेल्या प्रश्नांनाही ती नुसती थाप मारत नव्हती. जे चांगलं आहे त्याचाच भाव ती वर नेत होती.

बेरजा झाल्या. नीराबाई एकोणचाळीस. किशोरीच्या कागदावर वीस. बावन्नपैकी.

"एवढा फरक?" किशोरीने विचारलं. तिला परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटत होतं.

"बहुतेक घरांत असाच येतो," क्रांती म्हणाली. "सांभाळणारी माणसं कमी मार्क देतात. ती दमलेली असतात ना ताई. जास्त दमलेल्यांचे मार्क पुष्कळदा आणखी कमी येतात."

"म्हंजे मी खोटं लिवलं?"

"छे. तुम्हाला दिसतं ते तुम्ही लिहिलंत, आजींना वाटतं ते त्यांनी सांगितलं. डॉक्टर दोन्ही बघतात."

डॉक्टरांनी दोन्ही बघितले असतील, पण हेमालीने एकच बघितला. किशोरीने बिचारीने भोळेपणाने दोन्ही कागदांचे फोटो पाठवले होते. रात्रीच्या आत फोन आला. "वहिनी, तूच लिहिलंयस, एकंदर आयुष्य वाईट. तुझ्याइतकं आईला कोण ओळखतं? आईचे मार्क काय धरायचे, ती बाबा जिवंत आहेत म्हणते. पुढच्या शुक्रवारी मी येते, शनिवारी तिला पनवेलला नेऊ. दादा हो म्हणालाय."

मितेश हो म्हणाला होता, कारण किशोरी नाही म्हणाली नव्हती. तसा तो आईवेडा, पण घरातला निर्णय बायकोच्या चेहऱ्यावर वाचायचा आणि बोटीवर निघून जायचा. किशोरीने त्याला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या, आणि स्वतःलाही दोन.

त्या आठवड्यात तिने एक वेडेपणा केला. सासूकडे नुसतं बघायचं ठरवलं. काम चालू ठेवायचं, हाक मारायची नाही, ओरडायचं नाही, फक्त बघायचं. आजवर ती नजर ठेवायची; त्यात अन् बघण्यात फरक असतो, हे तिला पहिल्याच सकाळी कळलं.

खळ्यात वेणूबाई आली. वयाने नीराबाईएवढीच, पन्नास वर्षांची वैरीण. नीराबाईने तिला बघताच वलांडीची कडेची दोरी धरली. "ही माजी."

"तुजी कवापासून? माज्या सासऱ्याने बांबू रोवलाय," वेणूबाई कडाडली.

पाव तास जुंपली. बापजादे निघाले, कुणी कुणाची पाटी चोरली ते निघालं, एकमेकींच्या लग्नातलं जेवणही निघालं. मग दोघी एकाच दोरीवर बोंबील टाकत बसल्या, एक या टोकाने, एक त्या टोकाने. नीराबाईला तिचं नाव कधी आठवायचं, कधी नाही, पण भांडण बिनचूक पाठ होतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी वेणूबाईला ताप होता, तरी ती काठी टेकत आली. किशोरीने म्हटलं, "मावशे, आज घरी बसायचंस की."

"आनि ती कोनाशी भांडल?" वेणूबाई म्हणाली.

किशोरीने मैत्रिणींपुढे एक मार्क दिला होता. मजेपुढेही एक. तिला लाज वाटली. आमटीत साखर पडली ते तिने मोजलं, पण रोज टोपलीभर बोंबील सासूच्या हातांनी लटकतात ते मोजायचं राहिलं. आणि दुपारी चहात पाव बुडवून खाताना सासू डोळे मिटते, तेव्हाचा तो चेहरा! तो तर कागदात कुठे बसतच नव्हता. त्या तेरा प्रश्नांतले निम्मे आपण स्वतःबद्दलच सोडवले, हे तिला आता दिसलं. अंगात जोर नाही तो माझ्या. मजा नाही ती मला. आयुष्य वाईट चाललंय ते माझं. हे कुणाला सांगणार? आणि सांगितलं तरी दमलेलं अंग थोडंच हलकं होणार होतं. चौथ्या दिवशी नीराबाईने अंघोळीचा तांब्या तिच्या कपाळावर फेकला आणि टेंगूळ आलं. तेव्हा शनिवार लवकर यावा असंही तिला पुन्हा वाटलं. माणसाचं मन काही सरळ रेषेत चालत नाही.

शुक्रवारी रात्री तिने स्वतः पिशवी भरली. सहा लुगडी, गुडघ्याचं तेल, चष्मा. भरताना रडली नाही.

शनिवारी सकाळी हेमाली गाडी ठरवूनच बसली होती. नीराबाई पडवीत, पुढ्यात टोपली. पिशवी दाराशी. आणि तेवढ्यात स्कूटी थांबली.

"फार वेळ नाही घेत," क्रांती आजींना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली. "एकच प्रश्न दुरुस्त करायचाय. काका वारलेत हे मला माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, जोडीदार नसेल तर सगळ्यात जवळच्या माणसाबद्दल विचारायचं असतं. तेवढं विचारते आणि जाते."

"आता काय उपयोग," हेमाली म्हणाली, पण सरकून जागा दिली आणि आईच्या अगदी समोर बसली.

क्रांती शहाणी पोरगी होती. नवरा मेलाय असं तिने म्हटलं नाही. "आजी, काका दर्यावर आहेत. ते नसताना तुमच्या सगळ्यात जवळचं माणूस कोण?"

नीराबाईने विचार केला. हेमालीकडे बघितलं, चांगलं बराच वेळ, आणि हसलीही, पाहुणीकडे बघून हसावं तसं. हेमालीने मान खाली घातली. मग नीराबाईने हातातल्या बोंबलाने दाराकडे दाखवलं, जिथे किशोरी उभी होती.

"ही."

"कोण ही? नाव काय हिचं?"

"नाव..." नीराबाई अडखळली. खूप शोधलं तिने, कपाळावर आठ्या पडल्या. "नाव न्हाय ठाव मना. पन ही हाय. सकाली हाय, दुपारी हाय. मी हाक मारली का येते."

किशोरी जवळ आली. काय करावं ते न सुचून तिच्या शेजारी बसली.

"मग हिच्याशी कसं आहे तुमचं?" क्रांतीने विचारलं. आणि बोलता बोलता तिची जुनी चूक पुन्हा झाली. "चार लिहू?"

नीराबाईची पाठ ताठ झाली. डोळे बारीक झाले. बंदरावरचा तो चेहरा हेमालीनेही ओळखला, लहानपणी पाटीआड बसून तिने तो हजारदा बघितला होता. आता पाच येणार, असं तिघींनाही वाटलं.

नीराबाईने बोंबील टोपलीत टाकला आणि त्याच हाताने किशोरीचं मनगट घट्ट धरलं.

"ही इकायची न्हाय," ती क्रांतीला म्हणाली. "ऊठ. जा तू."

क्रांतीने कार्ड खाली ठेवलं. मग किशोरीला रडू फुटलं, मोठ्याने, पोरीसारखं. नीराबाईने तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. तिची नजर गिऱ्हाइकावर होती.

"चार तरी लिही ना," हेमाली क्रांतीला पुटपुटली. डोळे पुसत होती.

"नको. रिकामाच ठेवते," क्रांती म्हणाली आणि तिने कागदाची घडी घातली.

किशोरीने पदराने तोंड पुसलं. "हेमाली, आयला नको न्हेऊस. पन मी दमलेय गो. लय दमलेय. ते मी खोटं न्हाय लिवलं."

हेमालीने पिशवी जवळ ओढली. मग तिने चेन उघडली, वरची दोन लुगडी बाहेर काढली आणि गाडीवाल्याला फोन लावून नको म्हणून सांगितलं. "दर शुक्रवारी संध्याकाळच्या लाँचने येईन," ती म्हणाली. "रविवारपर्यंत आई माझी. तू झोप, नाहीतर माहेरी जा, मला विचारू नकोस."

क्रांतीला चहा तरी द्यायला हवा होता. किशोरी उठायला गेली, पण मनगट काही सुटेना, म्हणून चहा हेमालीनेच ठेवला.